आठवडाभराचं आडनाव

चष्मेवाला आणि नळवाला यांचं एका घरात राहायला लागल्यापासून पाच वर्षांत एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि याचं सगळं श्रेय नळवाल्याला जातं. तो भांडतच नसे. खिडकी उघडी ठेवू? ठेव. सोफा हिरवा घेऊ? घे. दुकानात गेल्यावर निळा आवडला? मग निळा. अशा माणसाबरोबर राहणं सुखाचं असतं, फक्त त्यात एक धोका असतो. आपण नेहमी बरोबरच असतो, असं हळूहळू वाटायला लागतं.

त्यामुळे लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म घरी आला आणि चष्मेवाल्यानं ‘दोघांचं समाईक आडनाव’ या रकान्यात पेन्सिलीनं स्वतःचं आडनाव लिहून टाकलं, तेव्हा त्याच्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. नळवाल्यानं जेवता जेवता फॉर्म वाचला, बोटं पुसली, ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि ते आडनाव खोडून टाकलं.

“हे नको,” तो म्हणाला.

“मग कुठलं?”

“माझं.”

चष्मेवाला हसला. नळवाला हसला नाही. तेव्हा कुठे चष्मेवाल्याच्या लक्षात आलं, की हे भांडण आहे.

आता नळवाल्याच्या आडनावाविषयी सांगायला हवं. ते मी इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्यांतही एखादा त्या आडनावाकडून नापास झालेला निघायचा आणि पुढचं वाचायचं सोडून द्यायचा. नळवाल्याचे वडील एकतीस वर्षं गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेत होते. शहरात असं एक घर नव्हतं, जिथल्या कुणाला ना कुणाला त्यांनी नापास केलं नव्हतं. सिग्नल उशिरा दिला, नापास. सिग्नल लवकर दिला, नापास. सगळं बरोबर केलं पण उतरताना दार आपटलं, तर पुढच्या महिन्यात या. आडनाव असं, की सगळ्या शहरात तेवढं एकच घर, त्यामुळे चुकून दुसऱ्या कुणाला शिव्या बसण्याचीही सोय नव्हती.

आणि याच परीक्षकांनी पाच वर्षांपूर्वी आपल्या एकुलत्या एका मुलालाही नापास केलं होतं. मुलानं एका संध्याकाळी सरळ सांगितलं, की मी एका पुरुषाबरोबर घर करणार आहे, तो चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करतो. वडिलांनी घराची किल्ली परत मागितली. नळवाल्यानं ती टेबलावर ठेवली, पान्यांची पेटी उचलली आणि तो निघाला. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. चष्मेवाल्यानं तर त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं.

मग असल्या बापाचं आडनाव उराशी धरून बसायचं कशाला? हे चष्मेवाल्याच्या डोक्यात शिरेना. त्याचं स्वतःचं आडनाव कसं साधंसुधं होतं. भर बाजारात दगड भिरकावला तर त्या आडनावाच्या माणसालाच लागावा, इतकं साधं.

“दोन्ही जोडू या,” त्यानं तडजोड काढली.

“जोडलं तर पुढे कुणाचं, मागे कुणाचं, यावर परत भांडू,” नळवाला म्हणाला. “शिवाय फॉर्ममधे चौकोन किती आहेत ते बघ.”

चौकोन खरंच पुरत नव्हते.

“मग ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्याकडे राहू दे,” असं कुणीही म्हणेल. पण एका आडनावाची ओढ चष्मेवाल्यालाच होती आणि त्याला कारण होतं. आदल्या वर्षी नळवाल्याचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात आलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारलं, “पेशंटचे तुम्ही कोण?” चष्मेवाल्याच्या तोंडून “मित्र” असं निघून गेलं. चार तास तो शीतपेयांच्या मशीनशेजारी उभा होता आणि आत काय चाललंय हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्याच्या मागून आलेला एक टकलू इसम पेशंटचं आणि आपलं आडनाव एकच असल्याच्या जोरावर थेट आत गेला, आणि तो नुसता लांबचा चुलतभाऊ का कोण होता. त्या दिवशी चष्मेवाल्यानं ठरवलं, की कागदावर आमचं दोघांचं एकच नाव पाहिजे. कुठलं, ते त्याच्या मते आपोआपच ठरलेलं होतं.

नोंदणीची तारीख तीन आठवड्यांवर होती. पहिला आठवडा रुसण्यात गेला. चष्मेवाला रुसायचा आणि नळवाला “चहा घेणार का?” विचारायचा. रुसण्याची मजाच जायची.

शेवटी चष्मेवाल्यानं आपल्या धंद्यातली रीत काढली. दुकानात माणूस खुर्चीत बसला, की त्याच्या नाकावर ती गोल गोल चाकांची जड ट्रायल फ्रेम चढवायची, तिच्यात आधी एक काच घालायची, मग दुसरी, आणि विचारायचं, “पहिलं बरं की दुसरं?” माणसाला आपल्याला काय दिसतं ते नुसतं विचारून सांगता येत नाही. दोन काचा पुढे धरल्या की बरोबर सांगतो.

“एक आठवडा तू माझं लाव,” तो म्हणाला. “पुढचा आठवडा मी तुझं लावतो. कामावर, फोनवर, सगळीकडे. ज्यातून स्वच्छ दिसेल ते घ्यायचं.”

“बरं,” नळवाला म्हणाला.

यातली मेख अशी, की काच घालणाऱ्याला आपल्याला हवं ते उत्तर कसं काढून घ्यायचं हे पक्कं माहीत असतं. चष्मेवाल्यानं आपलं आडनाव पहिलं ठेवलं.

आपल्या पाळीचा तो आठवडा नळवाल्यानं अगदी प्रामाणिकपणे पार पाडला. फोन उचलला की चष्मेवाल्याचं आडनाव सांगायचा. निम्मी गिऱ्हाइकं “राँग नंबर” म्हणून ठेवून द्यायची. उरलेली विचारायची, “आमचा नेहमीचा माणूस कुठे गेला?” एका आजींचा गीझर गळत होता. त्यांनी दारातच त्याला अडवलं. “फोनवर दुसराच कुणी बोलत होता.” “मीच बोलत होतो आजी.” “मग नाव का खोटं सांगितलंस? इतकी वर्षं येतोयस, आज काय चोरायचंय?” बिचाऱ्यानं गीझर दुरुस्त केला, पण आजी शेवटपर्यंत स्टूल घेऊन समोर बसून होत्या.

यातलं काहीच त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही, हसत हसत सांगितलं. फक्त संध्याकाळी आला, की बूट काढायला खूप वेळ लावायचा. दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला आलेल्या माणसासारखा सोफ्याच्या कडेला बसायचा. चष्मेवाल्याला ते दिसत होतं. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्याला एवढं दिसणारच. पण त्यानं तिकडे डोळेझाक केली.

शुक्रवारी त्यानं विचारलं, “कसं वाटलं?”

“चांगलंय तुझं आडनाव,” नळवाला म्हणाला. “कुणाला काही आठवत नाही त्यावरून.”

सोमवारपासून चष्मेवाल्याची पाळी. दुकानात छातीवर नावाची पाटी लावायचा नियम होता. त्यानं आपल्या आडनावावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर काळ्या शाईनं ठसठशीत अक्षरांत ते आडनाव लिहिलं. काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी ते वाचलं आणि हातातला चष्मा खाली ठेवला.

“सर, सकाळी सकाळी काय हे? माझा मामा अजून सायकलवर फिरतो यांच्या कृपेनं.”

पहिलं गिऱ्हाईक होता एक आडदांड ट्रकवाला. खुर्चीत ऐसपैस बसला होता. पाटी वाचली आणि ताठ झाला. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर नीट ठेवले, मान आधी डावीकडे मग उजवीकडे वळवून मागून कुणी येत नाही ना ते पाहिलं, आणि मगच तक्ता वाचायला घेतला. दुसऱ्या एक बाई “मी नंतर येते” म्हणून गेल्या त्या गेल्याच. ज्याचा त्याचा एकच प्रश्न, “तुम्ही त्यांचे कोण?”

“अजून ठरायचंय,” चष्मेवाला म्हणायचा.

मंगळवारी आई आली. चष्मेवाल्याची आई म्हणजे चष्म्याचा स्क्रू हवा तेव्हा बरोबर ढिला करून आणणारी बाई. मुलाची खबर काढायला तिला तेवढंच निमित्त लागे. नळवाला तिचा भारी लाडका. त्याला जावई म्हणावं की सून म्हणावं, हे तिला पहिली दोन वर्षं ठरवता आलं नाही, म्हणून ती त्याला बाळा म्हणायची. पण त्याच्या बापाचं नाव काढलं की ती वेगळीच व्हायची. त्यांनी तिला तीन वेळा नापास केलं होतं. पहिल्यांदा वळताना हात दाखवला नाही म्हणून. दुसऱ्यांदा वळायचं नसताना दाखवला म्हणून. तिसऱ्यांदा गाडी छान चालवली, पण गाडी थांबल्यावर वाद घातला म्हणून. तेव्हापासून तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

तिनं पाटी वाचली. मग वरचा चेहरा वाचला, हा आपलाच मुलगा ना याची खात्री करायला.

“काढ ते.”

“आई, ट्रायल आहे फक्त.”

“ट्रायल? तीन ट्रायली दिल्यात मी त्या माणसाकडे. आता माझ्या पोटच्या पोराच्या छातीवर त्याचं नाव? अरे, बाळाला आपलं आडनाव दे की! आपलं काय वाईट आहे?”

“तो घेत नाही.”

“का घेत नाही?”

का, ते त्यानं विचारलंच नव्हतं. दोन आठवडे वाद घातला, काचा बदलल्या, पण साधं “का” म्हणून विचारलं नव्हतं.

“मग विचार की, मेल्या,” आई म्हणाली आणि स्क्रू न बसवताच निघून गेली.

विचारायचं त्यानं ठरवलं होतं. पण बुधवारी दुपारी काउंटरच्या बाई पांढऱ्याफटक चेहऱ्यानं आत आल्या आणि त्यांनी एक फॉर्म पुढे केला. परवान्याच्या नूतनीकरणासाठी डोळ्यांचा दाखला हवा होता. वय चौऱ्याहत्तर. आडनाव, पाटीवर होतं तेच.

चष्मेवाल्याची पाचावर धारण बसली. या माणसाला काय काय ऐकवायचं, त्याची पाच वर्षं त्यानं न्हाणीघरात तालीम केली होती. एक भाषण तर इतकं जमलं होतं, की त्याला स्वतःलाच डोक्यावरून पाणी ओतायचं भान राहिलं नव्हतं. आता त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ. पाटी काढावी म्हणून हात छातीकडे गेला, तेवढ्यात म्हातारा आत आला आणि खुर्चीत बसला. ताठ, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. नळवाल्याचे कान थेट त्याचे होते.

“करा सुरू,” तो म्हणाला. “वेळ वाया घालवू नका.”

चष्मेवाल्यानं फॉर्म छातीशी धरला आणि तक्त्याचा दिवा लावला. म्हातारा धडाधड वाचत गेला. वरची ओळ, मधली, अगदी खालची मुंगीएवढी ओळसुद्धा, न अडखळता, मोठ्या आवाजात. चष्मेवाला चक्रावला. या वयात एवढी नजर? मग त्याच्या ध्यानात आलं, की बाहेरचं बाकडं दाराच्या अगदी समोर आहे आणि आपण डबा खायला गेलो तेव्हा दार अर्धा तास उघडं होतं. मधल्या वेळात उठून कुणी तक्त्याजवळ जाऊनही आलं असेल. त्यानं काही न बोलता तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला वेगळीच अक्षरं होती.

“पुन्हा एकदा वाचता?”

म्हाताऱ्यानं पुन्हा तीच जुनी ओळ घडाघडा म्हणून दाखवली.

“मी तक्ता बदललाय,” चष्मेवाला म्हणाला.

म्हाताऱ्यानं खिशाचं पेन काढून परत नीट लावलं.

“मग तसं आधी सांगायला हवं होतं,” म्हातारा म्हणाला. “परीक्षेत काही बदललं, तर उमेदवाराला कळवावं लागतं.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. एकतीस वर्षं सगळ्या शहराला सरळ रेषेत चालवणारा माणूस कॉपी करताना पकडला गेला होता. दुसरा कुठला दिवस असता, तर चष्मेवाल्यानं ही गोष्ट महिनाभर पुरवून पुरवून सांगितली असती. पण म्हाताऱ्याच्या मानेवर घाम आला होता आणि चष्मेवाल्याला त्याची एकदम दया आली. दया आल्याचा त्याला रागही आला.

त्यानं ट्रायल फ्रेम म्हाताऱ्याच्या नाकावर चढवली. आता दोन्ही हात कामात होते, फॉर्म बाजूला ठेवावाच लागला. पाटी उघडी पडली. म्हाताऱ्याला एवढ्या अंतरावरून अजून काही दिसत नव्हतं.

“पहिलं बरं की दुसरं?”

“दुसरं.”

“हे की हे?”

“हे. आधीचं नको.”

आणि मग चष्मेवाल्याला कळलं, की आपण आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय. बरोबर काच बसली, की म्हातारा ती पाटी वाचणार. एक काच अलीकडे थांबलं, तर निभावून जाईल. थोडं धुरकट दिसलं म्हणून कोण मरतो? पण कुणाला चुकीचा नंबर द्यायचा, हे त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि नळवाल्याच्या बापापासून सुरुवात करायची त्याची इच्छा नव्हती. त्यानं शेवटची काच घातली.

म्हाताऱ्यानं तक्त्याकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग त्याची नजर समोरच्या छातीवर आली. त्यानं ओठ हलवत एकेक अक्षर लावलं.

“हे आडनाव आमचं आहे,” तो म्हणाला. “आमच्याशिवाय कुणाचं नाही.”

“माहीत आहे. मी आठवड्यापुरतं लावलंय. बसतंय का ते बघायला.”

“कुणाला विचारून?”

“तुमच्या मुलाला.”

त्या फ्रेममधून रागानं बघणं फार अवघड असतं. दोन्ही बाजूंना चाकं, नाकावर स्क्रू, आणि डोळे दुप्पट मोठे. म्हाताऱ्याचे ते मोठे झालेले डोळे चष्मेवाल्यावर खिळले होते आणि त्यांत राग कुठे दिसत नव्हता.

“त्यानं ते ठेवलंय?” त्यानं विचारलं. “मला वाटलं, टाकून दिलं असेल. मी असतो तर टाकलं असतं.”

“मी टाक टाक म्हणून त्याच्या मागे लागलोय. बाकी सगळं ऐकतो. एवढंच ऐकत नाही.”

“हट्टी आहे,” म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात कुठेतरी समाधानही होतं. “लहानपणापासून.”

“हट्टी? तो?” पाच वर्षांत सोफ्याच्या रंगावरूनही न अडलेला माणूस चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे आला.

“तुम्हाला काय माहीत,” म्हातारा म्हणाला, आणि त्यानं फ्रेम काढून स्वतःच टेबलावर ठेवली. “निकाल?”

“आज दाखला देता येणार नाही. चष्मा तयार झाला की तो लावून पुन्हा चाचणी.”

“म्हणजे नापास.”

“हो.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. “बरोबर आहे. मीही केलं असतं.” दाराशी जाऊन तो थांबला आणि दार न आपटता ओढून घेऊन गेला.

संध्याकाळी चष्मेवाल्यानं घरी सगळं सांगितलं, कॉपीसकट. नळवाला कॉपीला हसला. मग त्यानं विचारलं, “डोळे फार गेलेत का त्यांचे?”

“नंबर वाढलाय. चष्म्यानं होईल.” आणि चष्मेवाल्यानं शेवटी तो प्रश्न विचारला. “तू ते आडनाव का सोडत नाहीस? त्यांनी एवढं केल्यावर?”

नळवाल्याला सलग चार वाक्यं बोलायची सवय नव्हती. त्यानं आधी टेबलावरचं खरकटं पुसलं.

“त्यांनी मला घरातून काढलं,” तो म्हणाला. “किल्ली घेतली. फोटोही काढले असतील भिंतीवरचे. एक आडनाव तेवढं त्यांना परत मागता आलं नाही. ते मी आपण होऊन टाकलं, तर त्यांचं म्हणणं खरं होईल ना, की मी त्यांचा कुणी नव्हतोच.”

चष्मेवाल्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. एक आठवडाभर या माणसाला त्यानं ते काढून ठेवायला लावलं होतं, गंमत म्हणून, काचा बदलाव्यात तसं. आणि तो “बरं” म्हणाला होता. त्यानं ड्रॉवरमधून फॉर्म काढला आणि रकान्यात पेनानं ते आडनाव लिहिलं. लिहिताना त्याला थोडं दुखलं, नाही असं नाही. शाळेच्या पहिल्या वहीपासून तो आपलं जुनं आडनाव लिहीत आला होता. पण ते शहरात शेकड्यानं पडलं होतं, एक कमी झाल्यानं संपणार नव्हतं. हे मात्र जपणारा एकटाच होता.

“नक्की?” नळवाल्यानं विचारलं.

“नक्की. माझी ट्रायल झाली. एक बाई पळून गेल्या, पण तेवढं चालायचंच.”

आईला सांगायला दोघंही गेले, कारण एकट्यानं जायची चष्मेवाल्याची छाती नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं. का, तेही ऐकलं. बराच वेळ ती नळवाल्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली आणि मग एकदम तिचा चेहरा उजळला.

“म्हणजे मी आता त्या माणसाची विहीण झाले?”

“झालीस.”

“विहिणीला मान द्यावा लागतो ना?”

“लागतो.”

“मग बघतेच,” आई म्हणाली. “आता नापास करून दाखव म्हणावं.”

शनिवारी नोंदणी झाली. कारकुनानं आडनाव वाचलं, चष्मा वर करून चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “स्वखुशीनं ना? नाही, म्हणजे विचार करा. मला त्यांनी दोनदा...”

“रिव्हर्स घेताना?”

“रिव्हर्स घेताना,” कारकून म्हणाला आणि त्यानं जड मनानं शिक्का मारला.

पुढच्या गुरुवारी म्हाताऱ्याचा चष्मा तयार झाला. दुकान गच्च भरलं होतं. आतल्या खोलीत चष्मेवाल्याला त्याचा आवाज ऐकू आला. एकतीस वर्षं गाडीबाहेर उभं राहून हाका मारलेला आवाज, त्याला दार आड येत नाही. कुणाकडे काम आहे, असं काउंटरच्या बाईंनी विचारलं होतं. म्हाताऱ्यानं आडनाव सांगितलं. बाकड्यावरची चार डोकी वर झाली.

“आणि तुमचं नाव?” बाईंनी सवयीनं विचारलं.

“तेच,” म्हातारा म्हणाला.

चष्मा नाकावर नीट बसला. या खेपेला तक्ता त्यानं खरोखर पाहून वाचला, खालून दुसऱ्या ओळीत एक चूकसुद्धा केली. चष्मेवाल्यानं दाखल्यावर सही केली, नव्या आडनावानं, अजून हात बसला नव्हता म्हणून सावकाश. म्हाताऱ्यानं ती सही वाचली. दाखला घडी करून खिशात ठेवला. तरी तो उठेना.

“एक काम होतं,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “स्वयंपाकघरातला नळ गळतोय.”

“कधीपासून?”

“पाच वर्षं.”

“पाच वर्षं?”

“खाली बादली ठेवतो. सकाळ संध्याकाळ ओततो. दुसऱ्या नळवाल्याला हात लावू दिला नाही.” त्यानं घसा खाकरला. “त्याला वेळ असला तर बघ म्हणावं. घाई नाही.”

चष्मेवाल्याला पुढे गिऱ्हाइकं होती, पण त्यानं गिऱ्हाइकं बाईंवर सोपवली आणि तो तडक घरी गेला. नळवाला सोफ्यावर आडवा पडून होता. निरोप ऐकून तो उठून बसला. मग उठला, पेटी उघडली आणि पाने खाली वर करत वॉशर शोधायला लागला. सापडलेला वॉशर त्यानं दोनदा खाली पाडला.

“अर्ध्या इंचाचा आहे तो,” तो पेटीतच तोंड घालून म्हणाला. “मीच बसवला होता. पहिलाच नळ माझा. तेव्हाच म्हणाले होते, हा गळणार.” आणि बाहीनं त्यानं डोळे पुसले, एकदा, मग परत एकदा.

“तू जाऊन ये,” चष्मेवाला म्हणाला. “मी थांबतो घरी. तुम्ही दोघं बोला. मी तिथे कशाला?”

“नाही,” नळवाला म्हणाला. पेटी बंद करून त्यानं टॉर्च चष्मेवाल्याच्या हातात दिली. “ओट्याखाली अंधार असतो. धरायला घरचं कुणीतरी लागतं.”